जुनी व्हिडिओ बेल बदलायची आहे: सबस्क्रिप्शन सांभाळायचं की सोडायचं?

व्हिडिओ डोअरबेलचं वय आधी बॅटरीत दिसतं, मग बटणात. दोन-तीन महिने टिकणारं चार्जिंग दोन आठवड्यांवर येतं, बटण दोनदा दाबावं लागतं, आणि फोनवर चित्र येईपर्यंत कुरिअरवाला जिना उतरून गाडी चालू करतो. त्यातच बेलचे व्हिडिओ साठवून ठेवण्याच्या सबस्क्रिप्शनचे पैसे कापले जाणार असल्याचा मेसेज येतो आणि घरात विषय निघतो: एवढे पैसे भरतोच आहोत, तर त्याच कंपनीची नवी बेल घेऊन टाकू.

माझं मत जरा वेगळं आहे. सबस्क्रिप्शन महिन्याचं किंवा वर्षाचं असतं, बेल मात्र चार-पाच वर्षं दारावर राहणार असते. त्यामुळे आधी दार, वीज आणि घरातली माणसं बघावीत, सबस्क्रिप्शन त्यानंतर. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

आधी जुनी बेल तपासा

कोल्हापूरच्या पेठांमधल्या जुन्या घरांत बेल रडते ती बऱ्याचदा वाय-फायमुळे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जाड दगडी भिंती, राऊटर माजघरात टीव्हीमागे, आणि बेल रस्त्याच्या दारावर. सिग्नल कमी मिळाला की प्रत्येक व्हिडिओ पाठवायला बेलला जास्त वेळ आणि जास्त वीज लागते, बॅटरी उतरते. बहुतेक ॲपमध्ये सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे ६० च्या आसपास असेल तर चिंता नाही. उणे ७५ च्या पलीकडे गेला असेल तर नवी बेलही तशीच वागणार. राऊटर दाराच्या बाजूला सरकवा किंवा मध्ये सिग्नल पुढे ढकलणारा एक एक्स्टेंडर बसवून आठवडाभर बघा.

मग ॲपमधल्या नोंदी चाळा. दसऱ्याला बांधलेलं तोरण वाळून कोळ झालं तरी आपण काढत नाही. त्याचं एक टोक कॅमेऱ्यासमोर लोंबत असेल, तर चित्रातला बदल टिपणाऱ्या बेलसाठी वाऱ्याची प्रत्येक झुळूक म्हणजे 'हालचाल'. रात्रीचं दुखणं वेगळं. बेलच्या उजेडाला आणि दारातल्या दिव्याला किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि त्याच्या जाळ्याचा एक धागा लेन्ससमोर आला की इन्फ्रारेड प्रकाशात तो पांढराफेक चमकतो. मागचा माणूस दिसतच नाही. बेल भिंतीच्या कोपऱ्याला किंवा सेफ्टी डोअरच्या चौकटीला खेटून बसवली असेल तरीही चित्र असंच धुऊन निघतं. यातल्या निम्म्या तक्रारी कुंच्याच्या एका फटक्याने मिटतात.

बॅटरी वेगळी निघत असेल तर नुसती बॅटरी बदलणं सगळ्यात स्वस्त. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर उतरणीला लागते, आणि पश्चिमेच्या दारावर एप्रिल-मेचं ऊन खाणारी त्याच्याही आधी. मात्र बेलची पाठ फुगली असेल, कव्हर नीट बसत नसेल, तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नका. चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकणही बोटाने उचकून बघा. खोक्यावर आयपी ६५ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असला तरी ते रबर काही पावसाळ्यांनंतर कडक होतं, एका बाजूने उचलतं, आणि जुलैतली आपली आठ-आठ दिवसांची झड नेमकी तिथून आत शिरते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वायरमनला दुरुस्त करता येत नाही: कंपनीने पाठिंबा काढून घेणं. ॲमेझॉनचा क्लाउड कॅम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, गूगलचे जुने ड्रॉपकॅम एप्रिल २०२४ मध्ये. कॅमेरे शाबूत होते, सर्व्हर थांबले. तुमच्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं असेल तर नवी बॅटरी घालण्यात अर्थ नाही.

त्याच कंपनीची नवी बेल

सगळ्यात कमी डोकेदुखी इथे आहे. ॲप तेच, घरातल्यांचे लॉगिन तेच, आजोबांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. आतला चाइम, म्हणजे घरात वाजणारा डबा, तोही बऱ्याचदा तोच चालतो, पण हे गृहीत धरू नका. नव्या मॉडेलशी जुना चाइम जुळतो का, ते विकत घेण्याआधी कंपनीच्या यादीत बघा.

खरी मेख सबस्क्रिप्शन कशावर आहे यात आहे. रिंग या कंपनीची सगळ्यात खालची योजना एका उपकरणापुरती असते, गूगलची घरातल्या सगळ्या कॅमेऱ्यांना मिळून. वर म्हटलेला अपवाद हाच. दारावर बेल, पार्किंगमध्ये एक कॅमेरा, गच्चीवर एक, आणि तिन्ही एकाच योजनेत असतील, तर बेल दुसरीकडची आणून काही वाचत नाही. योजना चालूच ठेवावी लागते आणि फोनवर एक ॲप वाढतं. अशा घराने त्याच कंपनीची बेल घ्यावी, फार घोळ घालू नये.

एका उपकरणापुरती योजना असेल तर तिच्या ओढीने नवी बेल घेणं मला पटत नाही. तरी घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. जुन्या दराने चालू असलेली योजना रद्द केली की ती त्याच दराने परत मिळेल याची हमी नसते. म्हणून रद्द करून नव्याने घेण्यापेक्षा आहे तीच नव्या बेलवर हलवता येते का ते विचारा. आणि दाखवलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का, हेही.

क्लाउडचा, म्हणजे व्हिडिओ कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याचा, एक फायदा कबूल करायलाच हवा. चोराने बेलच उपटून नेली तरी त्याचा चेहरा सर्व्हरवर राहतो. बाहेरगावी राहणारा मुलगा कधीही बघू शकतो. पण हे व्हिडिओ दुसऱ्याच्या कपाटात असतात, याची जाणीव असावी. कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये रिंगवर कारवाई केली आणि ते प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं.

दुसऱ्या कंपनीची, मेमरी कार्डवाली

दर महिन्याचं झंझट नको म्हणणाऱ्यांचा कल इकडे असतो, आणि फ्लॅटसाठी माझाही. दुकानात मात्र 'कार्ड चालतं का' एवढं विचारून थांबू नका. कार्ड कुठे बसतं ते विचारा. काही बेलमध्ये ते बेलच्याच पोटात असतं, म्हणजे चोर पुरावा खिशात घालून जातो. काहींमध्ये ते घरातल्या चाइममध्ये किंवा बेलशी जोडलेल्या आतल्या डब्यात, म्हणजे हबमध्ये असतं. घ्यायची तर ही दुसरी. कार्डही सीसीटीव्हीसाठीचं, सतत लिहिणं सोसणारं घ्या. जुन्या मोबाइलमधलं उरलेलं कार्ड आत टाकलं की ऐन वेळेला ते कोरं निघतं.

'सबस्क्रिप्शनशिवाय' या शब्दावरही जरा खोदून विचारा. रेकॉर्डिंग फुकट असतं, पण माणूस की कुत्रं हे ओळखणं, पार्सल ठेवल्याची सूचना, नोटिफिकेशनमध्ये फोटो, यांतलं काय फुकट आणि काय पैसे भरून, हे कंपनीगणिक बदलतं. शिवाय कार्ड घरात आहे म्हणून सगळंच घरात राहतं असंही नाही. यूफी ही कंपनी सगळं घरातच साठवतो असं सांगायची, आणि तिच्या कॅमेऱ्यांतले छोटे फोटो सूचनांसाठी क्लाउडवर जातात, हे २०२२ च्या शेवटी उघड झालं.

बॅटरीवरच्या कुठल्याही बेलची आणखी एक खोड. ती झोपलेली असते आणि हालचाल कळली की जागी होते. शरीराची उष्णता ओळखणारा तिचा सेन्सर समोरून आडव्या जाणाऱ्या माणसाला चटकन पकडतो, सरळ चालत येणाऱ्याला उशिरा. त्यामुळे महाद्वार रोडच्या एखाद्या बोळात ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला टिपून आठवड्यात दमते, आणि लांब पॅसेजच्या टोकाला असलेल्या फ्लॅटवर दूधवाल्याची फक्त पाठ टिपते. 'सहा महिने बॅटरी' हा जाहिरातीतला आकडा दिवसाला मोजक्याच नोंदी होणाऱ्या दाराचा असतो.

वायरचा व्हिडिओ डोअर फोन

याला कोणी स्मार्ट म्हणत नाही, म्हणून तो तुलनेतून सुटतो. बाहेर बटण आणि कॅमेरा, आत भिंतीवर सात इंची पडदा, मध्ये वायर. पॅनासॉनिक, गोदरेज, हिकव्हिजन, सीपी प्लस असे बरेच जण तो बनवतात. इंटरनेट नसलं तरी चालतो, सबस्क्रिप्शन नाही, चार्जिंग नाही. हवा असेल तर कार्ड आणि वाय-फाय असलेला पडदाही मिळतो, म्हणजे फोनवरही दिसतं.

घरात आजी-आजोबा दिवसभर एकटे असतील तर मी बाकी काही बघणार नाही, हाच घेईन. ताराबाई पार्कातल्या माझ्या ओळखीच्या एक काकू फोन चार्जिंगला लावून देवघरात बसतात; नोटिफिकेशन कितीही आलं तरी त्यांना पत्ता नसतो. पडद्यावर मात्र येता-जाता नजर जाते आणि बोलायला एकच बटण दाबावं लागतं.

लाईट गेल्यावर काय, हा आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न. डोअर फोनचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला की तो चालू राहतो. बॅटरीवरची बेल स्वतः जिवंत असते, पण राऊटर आणि चाइमचे प्लग इन्व्हर्टरवर नसतील तर तिचं ऐकणारं कोणी नसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या भागांत वीज कितीतरी दिवस नव्हती, आणि घर सोडून पाहुण्यांकडे गेलेल्यांना कुठल्याच बेलने दार दाखवलं नसतं. तरी पाणी चढेपर्यंतचे व्हिडिओ क्लाउडवाल्याकडे शिल्लक राहिले असते. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी गाठली की ज्यांना सामान वर चढवावं लागतं, त्यांनी हब आणि पडदा छातीच्या उंचीवर बसवण्याआधी हा विचार करावा.

डोअर फोनची अडचण वायर हीच आहे. नव्या बांधकामात पाइप आधीच टाकून घेता येतो. रंग दिलेल्या भिंतीवर पट्टी ओढायची म्हटलं की घरात वाद होतात. भाड्याच्या फ्लॅटला तर तो नकोच.

अमेरिकेहून आलेली बेल

मुलगा तिकडे असलेल्या घरांत ही हमखास असते. तिकडच्या वायरच्या बेलला १६ ते २४ व्होल्टचा एसी पुरवठा लागतो. आपल्या बेलच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर न घालता जोडली तर ती एका क्षणात जळेल आणि हात लावणाऱ्यालाही धोका. शिवाय तिकडची उपकरणं वाय-फायचे १ ते ११ चॅनेलच वापरतात. इथला राऊटर १२ किंवा १३ वर गेला की बेलला तो दिसतच नाही. आणि सबस्क्रिप्शन डॉलरमध्ये. अशी बेल थकली असेल तर त्या सबस्क्रिप्शनसह तिला निरोप द्यावा, तिची जोडीदार पुन्हा मागवू नये.

खर्च कसा मांडायचा

चार वर्षांचा मांडा. समजा सबस्क्रिप्शन वर्षाला १,५०० रुपये आहे आणि त्याच कंपनीची बेल ७,००० ची. चार वर्षांत १३,००० झाले. कार्डवाली ८,००० आणि कार्डाचे १,००० धरले तरी ९,००० वर थांबतं. आकडे तुमच्या दुकानातले घाला, रीत हीच ठेवा. राजारामपुरीत दुकानदार बेलच्या किमतीत घासाघीस करू देतो, सबस्क्रिप्शनमध्ये कोणी करू देत नाही. कुठलीही बेल घेतली तरी शे-दोनशे रुपये बाजूला ठेवून उद्यमनगरात पत्र्याची एक पट्टी वाकवून घ्या आणि छज्जासारखी वर ठोका. पाऊस आणि ऊन दोन्हींपासून तिचं आयुष्य वाढतं.

बदल करताना क्रम चुकवू नका

जुनी बेल ॲपमधून काढून टाकली की तिचे व्हिडिओही बऱ्याच ॲपमध्ये पुसले जातात. म्हणून हवे ते व्हिडिओ आधी फोनवर उतरवून घ्या, मग नवी जोडा, योजना तिच्यावर हलवा आणि जुनी शेवटी काढा. कंपनीच बदलत असाल तर ॲप डिलीट केल्याने पैसे कापले जाणं थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे तो मेसेज नजरेतून सुटला की पैसे गेले. योजना ॲपमध्ये रद्द करा आणि कार्डाच्या किंवा यूपीआयच्या ऑटोपे यादीत जाऊन तिथलीही परवानगी काढा.

फ्लॅटमध्ये नवी बेल बसवताना तिचा कोन बघा. समोरच्यांचं दार उघडल्यावर त्यांचा हॉल दिसत असेल तर बेल थोडी फिरवा किंवा ॲपमध्ये तेवढा भाग झाका, आणि शेजारच्या वहिनींना तो भाग झाकलेला स्क्रीनवर दाखवून द्या. जुनी बेल कोणाला देणार असाल तर रीसेट करून आणि आपल्या खात्यातून काढूनच द्या, नाहीतर नव्या माणसाला ती जोडताच येत नाही. फुगलेली असेल तर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.