गॅलरीतली मेथी-कोथिंबीर: माती की कोकोपीट?

एप्रिल 2021 मध्ये 'ब्रेक द चेन' या कोरोना निर्बंधांखाली महाराष्ट्रात किराणा-भाजीची दुकानं सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी राहू लागली आणि गॅलरीतल्या कुंड्यांना खरा भाव आला. तेव्हा पडलेला प्रश्न आजही तोच आहे: कुंडीत माती भरावी की कोकोपीट?

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वजनाला हलकं, गच्चीवर चढवायला सोपं. ते दाबलेल्या, सुक्या विटेच्या रूपात मिळतं; 650 ग्रॅमच्या विटेला साधारण तीन-चार लिटर पाणी लागतं. पण ती नुसती भिजवून भरू नका. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. दोन-तीनदा धुऊन पिळल्याशिवाय रोपांची टोकं करपतात. मूठ घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंबच पडले, म्हणजे ओल बरोबर. वरचा थर फिकट, कोरडा दिसतो, आत मात्र चिंब असतं. इथेच फसगत होते: रोज पाणी घातलं जातं आणि मेथी बुडाशी काळी पडून आडवी होते. बोट दोन पेरं खाली घालून बघा, मगच पाणी द्या. शिवाय यात पोषण जवळपास नसतंच, एक तृतीयांश गांडूळखत मिसळावंच लागतं.

मातीत पोषण असतं, चुका पोटात घालते. फक्त निव्वळ काळी माती नको. सुकली की भेगाळते, भिजली की चिखल. लाल माती, शेणखत समसमान, थोडी वाळू.

माती असो की कोकोपीट, धणे रगडून, दोन फाकी करून, रात्रभर भिजवूनच पेरा.

गॅलरी भक्कम असेल तर मातीच घ्यावी.