विज्ञान पत्रकारिता की विकास संवाद? खानदेशातल्या पदवीधरासाठी

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या मृगबागेवर (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या बागेवर) सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की बांधावर दोन प्रकारची माणसं येतात. एक बातमीदार, दुसरा एखाद्या संस्थेचा किंवा प्रकल्पाचा संवादक, म्हणजे लोकांशी बोलून त्यांच्या वागण्यात बदल घडवू पाहणारा. याच कामाला विकास संवाद म्हणतात. बीएस्सी झालेली, बरं लिहिणारी मुलं या दोन्ही कामांना एकच समजतात. बाहेरून ती तशी दिसतातही.

बातमीदार विचारणार: रोपं कुठून आली, त्यांची विषाणू-तपासणी झाली होती का, पंचनामे कुठे अडले? संवादकाला यातलं काही विचारून भागत नाही. शेतकऱ्यानं ‘हरण्या’ (सीएमव्हीचं इथलं नाव) झालेलं झाड आजच्या आज उपटून नष्ट करावं, बागेतली काकडी-भोपळ्याची वेलं आणि तण काढावं, एवढं त्याला घडवून आणायचं असतं. या विषाणूवर औषध नाही आणि मावा तो झाडोझाडी नेतो. पण खत-पाण्यावर पैसा घातलेलं झाड उपटायला हात धजत नाही. पुढचं पान चांगलं निघेल अशी आशा असते. त्या आशेशी बोलणं हेच संवादकाचं काम. पत्रक वाटून ते होत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घेतलं तर फरक आणखी उघडा पडतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, उद्दिष्ट २०४७ चं. संवादकाला तिथं ‘वाहक’ (आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला) आणि ‘रुग्ण’ (दोघांकडूनही आलेला) यांतला फरक समजावायचा असतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. हे सांगताना एखाद्या वाहक मुलीचं लग्न मोडणार नाही, हेही त्यानंच पाहायचं. एक शब्द चुकला तर पाड्यावरची माणसं पुढच्या तपासणीला येतच नाहीत. बातमीदाराचे प्रश्न वेगळे: पहिल्या चाचणीत दोष दिसलेल्यांची पक्की तपासणी किती दिवसांनी होते? या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या जवळच्या दवाखान्यात मिळतात की त्यासाठी नंदुरबार गाठावं लागतं? उत्तर वाईट आलं तर तो ते छापू शकतो. संवादकालाही तेच दिसतं, पण ते अंतर्गत अहवालात जातं आणि बहुतेकदा तिथंच राहतं. त्याचा पगार त्याच यंत्रणेशी बांधलेला असतो. हे गिळता येत नसेल तर विकास संवादाच्या वाटेला जाऊ नका. दोन वर्षांत कडवट व्हाल.

पैशाचं सरळ सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आवृत्त्यांना केवळ विज्ञानासाठी बातमीदार ठेवणं परवडत नाही. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन तुटपुंजं, वर पुरवण्यांच्या जाहिराती आणायच्या. ज्या व्यापाऱ्याकडून जाहिरात घेतली त्याच्याच बियाण्याबद्दल लिहायची वेळ आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. इथे विज्ञान पत्रकारितेचं दार शेतीतून उघडतं. २००५ पासून मराठीत शेतीचं स्वतंत्र दैनिक आहे, आणि केळी, कापूस, गुलाबी बोंडअळी, ठिबक यांवर नीट लिहिणारा माणूस संपादकांना हवाच असतो. संवादात पगार दरमहा येतो, पण प्रकल्प असेपर्यंतच. सरकारी खुर्चीच्या भरवशावरही राहू नका. १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही केंद्राची संस्था २०२३ मध्ये बंद झाली.

अहिराणी, पावरी किंवा भिली येत असेल तर संवादाच्या कामात ते तुमचं भांडवल. वर्तमानपत्रात तीच बोली उपसंपादकाच्या टेबलावर प्रमाण मराठी होऊन जाते. मुलाखत घेताना मात्र तिचा उपयोग होतोच. ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ असं पुस्तकी विचारलं तर म्हातारी ‘काही नाही’ म्हणून मोकळी होते.

शिक्षणाचा फार बाऊ नको. जळगावच्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका. विज्ञानाची पदवी असेल तर तीच खरी पुंजी, कारण शोधनिबंधातला आलेख वाचता येणारा माणूस दोन्हीकडे दुर्मीळ आहे.

माझं मत विचाराल तर पावरी बोलणाऱ्या शहादा-धडगावच्या मुलीनं आधी संवादाचं काम घ्यावं. कृषी पदवी घेतलेल्या चोपडा-रावेरच्या मुलानं शेती पत्रकारिता करून पाहावी, पहिलं वर्ष घरचा आधार असेल तरच. पत्रकारितेतून संवादात जाणं सोपं. उलट येताना संपादक विचारतात, ‘काल ज्यांची पत्रकं लिहीत होतास, त्यांच्याविरुद्ध आज लिहिशील का?’ आणि दोन्ही एकदम करायचंच ठरवलं तर विषय तरी वेगळे ठेवा. सिकलसेलच्या प्रकल्पाचं मानधन घेत असाल तर बातमी केळीवर करा, आणि ते मानधन संपादकाला आधीच सांगून ठेवा.