ईबे आणि याहू ऑक्शन्स: लेन्स घ्या, बॉडी जपून

हाताने फोकस करायच्या जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट आजही उत्तम. फिल्म कॅमेऱ्याची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मात्र तिथे लिलावात घेऊ नये असंच आमचं मत. लेन्सचे बहुतेक दोष फोटोत पकडता येतात. १/१००० सेकंदावर लावलेलं शटर खरंच तेवढ्या वेगाने चालतं का, ते दिसत नाही.

जपानी विक्रेत्यांच्या 'निअर मिंट' (जवळपास नवी) शेऱ्याला फारशी किंमत देऊ नका. बऱ्याचदा त्याच वर्णनात खाली 'किंचित बुरशी, फोटोवर परिणाम नाही' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. मागून टॉर्च मारून काढलेला फोटो मागा. बुरशीचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दिसतात. काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्लं गेलं असेल तर साफ करूनही डाग राहतो. हेझ म्हणजे काचेवर सरसकट धुरकटपणा, त्याने उजेडासमोर कॉन्ट्रास्ट पडतो. काठाला इंद्रधनुषी कड असेल तर चिकटवलेली भिंगं सुटू लागली आहेत. अशी लेन्स सोडाच, दुरुस्ती परवडत नाही. धुळीचे चार कण असले तर खुशाल घ्या.

अॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या, पात्यांवरच्या तेलाचं गणित लेन्सगणिक बदलतं. हेलिओस ४४-२ मध्ये अॅपर्चर हातानेच बंद करायचं असल्याने थोडं तेल चालतं. मायक्रो-निक्कॉर ५५ एफ २.८ मध्ये पाती क्षणात मिटावी लागतात. तेलाने ती अडकली की जास्त प्रकाश जाऊन फोटो ओव्हरएक्स्पोज होतो. या लेन्सची ही जुनीच खोड आहे. पाती मिटतानाचा व्हिडिओ मागा.

बॉडी घ्यायचीच असेल तर 'अनटेस्टेड' (न तपासलेला) शब्द दिसताच पुढे जा. पेंटॅक्स के१००० चं शटर सेलशिवायही चालतं, मग तपासायला अडचण काय होती? ऑलिंपस ओएम-१ मध्ये व्ह्यूफाइंडरला दृश्य दाखवणाऱ्या प्रिझमजवळचा फोम कुजून त्या प्रिझमचाच आरशासारखा मुलामा खातो, म्हणून व्ह्यूफाइंडरमधून काढलेला फोटो हवाच. त्याचं प्रकाश मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पारा-सेलसाठी बनलेलं, १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर रीडिंग चुकतं. कॅनन एई-१ चं शटर दाबल्यावर चिरका आवाज आला तर वंगण सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच बोली लावा.

ईबेवर मनातली कमाल रक्कम शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाका. यंत्रणा दुसऱ्या बोलीच्या एकच पायरी वर थांबते. जपानच्या याहू ऑक्शन्सवर ही युक्ती फसते: विक्रेत्याने मुदतवाढीची सोय चालू ठेवली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांतली नवी सर्वोच्च बोली लिलाव आणखी पाच मिनिटं लांबवते. शिवाय तिथले बरेच विक्रेते परदेशी पाठवत नाहीत, म्हणून मध्यस्थ लागतो. मध्यस्थाचं कमिशन, जपानातलं टपाल, पुढचं टपाल आणि भारतातलं सीमाशुल्क मिळून स्वस्त लेन्स महागात पडते. 'जंक' (खराब, जशी आहे तशी) म्हणून विकलेली वस्तू तर परत जातच नाही.

ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत वस्तू वर्णनाबरहुकूम नसेल तर साधारणपणे मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते. पण बुरशीचा उल्लेख वर्णनात असेल तर त्या बुरशीवरून भांडता येणार नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि टॉर्चची तपासणी त्याच दिवशी उरका.