सात फुटी मीडियम हेवी रॉड: रेवदंड्याच्या खाडीत वापरून झाल्यावर

मासा मोठा म्हणजे रॉड हेवी, असं दुकानदार सांगतात आणि गरवायला नव्याने लागलेली पोरं तेच धरून बसतात. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी आणि कोर्लईच्या खडकांवरून मी जिताड्याच्या मागे असतो. गेला मोसमभर हातात आहे तो सात फुटी, दोन तुकड्यांचा मीडियम हेवी रॉड, किंमत साडेतीन हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण खरी बघायची गोष्ट मुठीच्या वर छापलेली असते आणि ती बऱ्याच कंपन्यांच्या रॉडवर सापडेल: लूर (गळाचा नकली मासा) 15–40 ग्रॅम, दोरा 12–25 पौंड ताकदीचा.

रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर; लाईट, मीडियम, हेवी ही तिचीच मापं. कुठून वाकतो ती ॲक्शन. माझा फास्ट आहे, म्हणजे वरचा तिसरा हिस्सा आधी वाकतो. दुकानात या दोन्हींची सर्रास गल्लत होते. शेंडा मऊ लागला की गिऱ्हाईक रॉड 'लाईट' समजून परत ठेवतं. मऊ शेंड्याखाली कणा चांगला ताठ असू शकतो. शिवाय मीडियम हेवी म्हणजे नेमकं किती, याचं सगळ्या कंपन्यांत एक माप नाही. म्हणून ग्रॅम आणि पौंड वाचा.

आमच्या खाडीत ही ताकद लागते ती कालवांमुळे. जिताडा काय, तांबोशी काय, लूर तोंडात गेला की खडकाकडे नाहीतर पुलाच्या खांबाकडे वळतात. पहिल्या दोन-तीन मीटरांत रोखला नाही, तर कालवांच्या धारेवर दोरा गेलाच. मीडियम रॉड अशा वेळी मुठीपर्यंत वाकत जातो आणि मासा त्याला हवं तिथे पोचतो. या रॉडचा खालचा अर्धा भाग दाद देत नाही. जिताड्याचं तोंड हाडाचं, गळ रुतायला जोरकस झटका हवा. तोही इथूनच मिळतो.

मग सरळ हेवीच का घेऊ नये? फेकताना रॉड वाकतो आणि सुटतो, त्यातून लूर लांब जातो. 20 ग्रॅमला हेवी रॉड नीट वाकतच नाही, लूर पायाशी पडतो. मी बहुतेक 18 ते 28 ग्रॅम टाकतो (पाकिटावर एक औंस लिहिलेलं असलं तर ते 28 ग्रॅम) आणि तेवढ्यात हा रॉड खुलतो. 10 ग्रॅमला मात्र हाही निर्जीव वाटतो. जिवंत बोय लावणार असाल तर माशाचं आणि शिशाचं वजन मिळून 40 च्या आत ठेवा.

दोरा मी 25 पौंडाचा ब्रेडचा (विणलेला) भरतो आणि ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोरा सोडेल ते, त्याच्या पाव ताकदीवर, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, काट्याने मोजून लावतो. जिताड्याच्या गालाची कड पात्यासारखी असते, त्यामुळे पुढे जाड लीडर (लूरजवळचा जाड दोऱ्याचा तुकडा) हवाच.

खटकलं ते असं: मागची मूठ आखूड आहे, दोन हातांनी फेकताना कोपर अवघडतं. जोड फेकून फेकून सैल होतो, मधेमधे दाबून बसवावा लागतो. कड्या गोड्या पाण्याने धुतल्या नाहीत तर गंज धरतात.

विकत घेताना रीळ लावून मागा, दोरा कड्यांतून ओवा, एक लिटरची भरलेली बाटली बांधा आणि हळू उचला. एका किलोला रॉड कुठवर वाकतो ते समोर दिसतं. शेंडा छताला टेकवून दाबू नका, सगळा भार टोकावर येऊन रॉड तिथेच मोडतो. मासा पायाशी आल्यावर रॉड उभा करून खेचला तरी तेच होतं. आणि कार्बनचा रॉड असेल तर वीज चमकू लागताच खाली ठेवून निघा.

अलिबाग-मुरूडकडे एकच रॉड घ्यायचा असेल, तर याच मापाचा घ्या. तळ्यातल्या तिलापियासाठी नको, त्याला लाईट रॉड आणि 5 ग्रॅमचा लूर पुरे.