चालू सर्व्हरचा लो-लेव्हल बॅकअप: पोस्टग्रेसची ही सोय कोल्हापूरच्या कारखान्यांना कितपत मानवते?

गाळप हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो. दूध संकलन पहाटे आणि संध्याकाळी, आणि फाउंड्रीत हीटच्या (धातू वितळवण्याच्या एकेका फेरीच्या) नोंदी तिन्ही पाळ्यांत. डेटाबेस बंद करून डेटा फोल्डर कॉपी करायला अशा ठिकाणी सवडच मिळत नाही. सर्व्हर चालू ठेवूनच हातानं फायलींची प्रत घेण्याची सोय पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिलाच लो-लेव्हल बॅकअप म्हणतात. ती मोफत आहे आणि सर्व्हरसोबतच येते. हे परीक्षण तिचं, आवृत्ती 15 आणि त्यापुढच्या धरून.

मत आधीच सांगतो. डेटा शंभर-दोनशे जीबीच्या आत असेल तर या वाटेला जाऊ नका, पोस्टग्रेसचंच पीजी_बेसबॅकअप हे तयार साधन वापरा. ते हेच काम एका आदेशात करतं आणि लेबल फाइल (बॅकअप कुठून सुरू झाला याची नोंद) स्वतः लिहितं. आवृत्ती 13 पासून ते मॅनिफेस्टही (प्रतीतल्या फायलींची यादी) बनवतं, त्यामुळे पीजी_व्हेरिफायबॅकअप चालवून प्रत पडताळता येते. 2024 च्या आवृत्ती 17 पासून फक्त बदललेला भागही घेता येतो. हातानं घेतलेल्या बॅकअपला यातलं काहीच मिळत नाही.

मग ही पद्धत कुणासाठी? पीजी_बेसबॅकअप सगळा डेटा एकाच कनेक्शनवरून ओढतं. डेटा टेराबाइटच्या घरात असेल, टेबलस्पेस (डेटा ठेवायच्या वेगळ्या जागा) तीन-चार डिस्कांवर विखुरल्या असतील, किंवा स्टोरेजवर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) मिळत असेल, तर तिथे लो-लेव्हल पद्धत सरस ठरते. प्रत्येक डिस्कवर आरसिंक हा कॉपीचा आदेश वेगळा लावता येतो. पण आधी ऑफिसातला स्विच बघा. 120 जीबी डेटा गिगाबिटच्या जाळ्यावर वीसेक मिनिटांत जातो, जुन्या शंभर मेगाबिटच्या स्विचवर त्यालाच तीन तास लागतात. अशा ठिकाणी पद्धत बदलून उपयोग नाही, स्विच बदलावा.

पूर्वतयारी म्हणजे वॉल फायलींचं (यांत डेटातला प्रत्येक बदल नोंदला जातो) आर्काइव्हिंग, म्हणजे त्या दुसरीकडे साठवणं. वॉल_लेव्हल रेप्लिका, आर्काइव्ह_मोड ऑन, आणि आर्काइव्ह_कमांडमध्ये कॉपीचा आदेश. आर्काइव्ह_मोड बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, तेव्हा ते काम साप्ताहिक सुट्टीला उरका. आदेशानं शून्य हा यशाचा कोड फक्त कॉपी खरोखर पूर्ण झाल्यावरच परत द्यायचं, आणि त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर ती मिटवायची नाही.

बॅकअप घेणं दिसायला सोपं आहे. पीजी_बॅकअप_स्टार्टला लेबलचं नाव द्यायचं, फायली कॉपी करायच्या, मग पीजी_बॅकअप_स्टॉप. फास्ट हा पर्याय ट्रू केला नाही तर सुरुवातीचा चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) सावकाश होतो, मूळ सेटिंगवर चार-साडेचार मिनिटं. स्क्रिप्ट अडकली असं समजून ती मारू नका. ट्रू केलं तर चेकपॉइंट लगेच होतो, पण डिस्कवर एकदम ताण येतो. काट्यावर गाड्यांची रांग असताना ते परवडत नाही.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात: स्टार्ट आणि स्टॉप एकाच सेशनमधून (सर्व्हरशी असलेल्या एकाच जोडणीतून) द्यावे लागतात आणि मधला सगळा वेळ ते सेशन जिवंत राहावं लागतं. सेशन तुटलं की बॅकअप रद्द. एका पीएसक्यूएलनं (सर्व्हरला आदेश देण्याचं साधन) स्टार्ट, मग टार (फायलींचा गठ्ठा बांधणारा आदेश), मग दुसऱ्या पीएसक्यूएलनं स्टॉप अशा जुन्या स्क्रिप्टा अजून वापरात दिसतात. ती जुनी एक्सक्लुझिव्ह रीत आवृत्ती 15 मध्ये काढून टाकली आणि फंक्शनांची नावंही बदलली, त्यामुळे अपग्रेडनंतर त्या चालत नाहीत. मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याला वगळून थेट सर्व्हरच्या पोर्टला जोडा.

पीजी_वॉल फोल्डरच्या आतलं काही कॉपी करू नका, फोल्डर रिकामा ठेवा. पीजी_रेपस्लॉटचंही तसंच. पोस्टमास्टर.पीआयडी आणि पोस्टमास्टर.ऑप्ट्स वगळा. कॉपी चालू असताना फायली बदलणारच. त्यामुळे टारनं 1 हा कोड दिला तर घाबरायचं कारण नाही, 2 दिला तर थांबा. आरसिंकचा 24 म्हणजे मधेच एखादी फाइल नाहीशी झाली, तेही चालतं. ‘कोड शून्य नाही म्हणजे फेल’ अशी ढोबळ तपासणी असलेली स्क्रिप्ट चांगला बॅकअप रोज फेकून देते. उलट कोडच न बघणारी स्क्रिप्ट खराब बॅकअप सांभाळून ठेवते.

स्टॉप तीन गोष्टी परत देतो. त्यातला दुसरा मजकूर बॅकअप_लेबल नावाच्या फायलीत प्रतीच्या मुळाशी लिहायचा, तिसरा रिकामा नसेल तर टेबलस्पेस_मॅप फायलीत. हे बाइटला बाइट जसंच्या तसं हवं. विंडोज सर्व्हरवर टेक्स्ट मोडमध्ये लिहिलं की ओळींचे शेवट बदलतात आणि रिस्टोरच्या वेळी सर्व्हर फाइल वाचायला नकार देतो. पायथनमधून लिहीत असाल तर बायनरी मोड.

नकार मिळाला तर निदान चूक कळते. लेबलच नसेल तर काय होतं ते जास्त वाईट. सर्व्हर मग कंट्रोल फायलीत (सर्व्हरची स्थिती नोंदणारी फाइल) असलेल्या चेकपॉइंटपासून सुरू करतो, आणि तो चेकपॉइंट कॉपी सुरू झाल्यानंतरचा असू शकतो. त्याच्या आधी कॉपी झालेली पानं (डेटा फायलींचे तुकडे) तशीच जुनी राहतात. वॉल फायली हाताशी असतील तर सर्व्हर बिनतक्रार उठतो, लॉगिन होतं, बिलं निघतात. आणि कित्येक आठवड्यांनी एखाद्या खात्याची बाकी जुळत नाही. रिस्टोर अडलं म्हणून लेबल फाइल उडवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका.

आर्काइव्ह_कमांड फसत राहिली तर वॉल फायली सर्व्हरवरच साठत जातात आणि डिस्क भरली की डेटाबेस थांबतो. पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधला फेल्ड_काउंट वाढतोय का, हे दर तासाला तपासणारी नोंद लावा. आर्काइव्ह_टाइमआउट (अर्धवट वॉल फाइलही बंद करून पाठवायची मुदत) 60 सेकंद ठेवलं तर दिवसभर काम असलेल्या सर्व्हरवर 16 एमबीच्या किमान 1440 फायली होतात, म्हणजे साडेबावीस जीबी. 300 सेकंद ठेवलं तर किमान साडेचार. अर्धवट भरलेल्या फायली जीझिपनं चांगल्या आवळल्या जातात.

प्रत ठेवायची कुठे, हे कोल्हापुरात पंचगंगेला विचारूनच ठरवावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. शिरोली एमआयडीसीतल्या सर्व्हरची एकुलती प्रत शहरातल्या ऑफिसात ठेवली तर ती सुरक्षित असूनही ऐनवेळी हाती लागणार नाही. एक प्रत जिल्ह्याबाहेर हवीच, आणि तिच्यासोबत वॉल फायलीही. वॉल फायली नसतील तर लो-लेव्हल बॅकअप उभाच राहत नाही.

महिन्यातून एकदा वेगळ्या मशिनवर रिस्टोर करून बघा. मेजर आवृत्ती तीच हवी. लिनक्स बदलत असाल तर जी-लिब-सी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती जुळवा: 2.28 मध्ये अक्षरांचा क्रम बदलला, त्यामुळे जुन्या यंत्रावरच्या मजकुराच्या इंडेक्स (शोधसूची) नव्यावर चुकतात. फोल्डरची परवानगी 0700 किंवा 0750, रिस्टोर_कमांड (साठवलेल्या वॉल फायली परत आणणारा आदेश) भरलेली, रिकव्हरी.सिग्नल ही रिकामी फाइल जागेवर. मग सर्व्हर सुरू करून पीजी_डंप पूर्ण चालवा, म्हणजे टेबलांची सगळी पानं वाचली जातात. इंडेक्ससाठी पीजी_अ‍ॅमचेक.

चुकून टेबल पुसलं गेलं आणि त्याच्या आधीच्या क्षणावर जायचं असेल, तर रिकव्हरी_टार्गेट_टाइममध्ये वेळेपुढे +05:30 लिहा. ‘आयएसटी’ लिहू नका. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत ही अक्षरं इस्रायलच्या वेळेसाठी आहेत, आणि तिच्यात नि आपल्या वेळेत साडेतीन तासांचं अंतर आहे.