सरकारी दिसणाऱ्या पत्रांची पडताळणी: सांगलीच्या पेठेतून तीन विनामूल्य सेवांचे परीक्षण

जीएसटी पोर्टलवरील ‘व्हेरिफाय आरएफएन’ (नोटिशीवरील संदर्भ क्रमांकाची पडताळणी), केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाची, अर्थात सीबीआयसीची, डीआयएन (दस्तऐवज ओळख क्रमांक) पडताळणी आणि आयकर खात्याची नोटीस पडताळणी या तिन्ही सेवांना एक रुपयाही लागत नाही. तरीही सांगलीच्या गणपती पेठेत किंवा मार्केट यार्डात चौकशी केली, तर बहुतेक दुकानदारांना त्या ठाऊक नसल्याचे आढळते. आमची हळदपूड आणि मसाले पॅक करून विकण्याची लहानशी पेढी आहे. पेढीच्या पत्त्यावर आणि ई-मेलवर सरकारी दिसणारी जी पत्रे येतात, ती सर्व मी प्रथम या सेवांमधून तपासतो आणि मगच कर सल्लागारांकडे पाठवतो. त्या वापरातून या सेवा कोठे उपयोगी पडतात आणि कोठे अपुऱ्या पडतात, हे आपल्या भागातील इतर व्यापाऱ्यांना कळावे, यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

बनावट पत्र पहिल्या नजरेला खरे का वाटते, ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पडताळणीची गरज तिथूनच निर्माण होते. पत्रावर अशोकस्तंभाची राजमुद्रा, जावक क्रमांक, गोल शिक्का आणि कायद्याचे कलम असते, आणि त्याखाली आपल्या पेढीचे नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक एकही चूक नसलेला असतो. ‘आमची एवढी माहिती सरकारशिवाय कोणाजवळ असणार?’ असा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात येतो आणि त्याचा विश्वास बसतो. वस्तुतः जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’ या सोयीतून कोणत्याही नोंदणीकृत पेढीचे नाव, मुख्य व्यवसायाचा पत्ता, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे भरल्याची स्थिती कोणालाही पाहता येते. शिवाय पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे थेट पॅन क्रमांकाची असल्यामुळे आपल्या प्रत्येक बिलावर आपला पॅन छापलेलाच असतो. त्यामुळे पत्रातील तपशील अचूक आहे, एवढ्यावरून ते पत्र खरे ठरत नाही. राजमुद्रेवरूनही काही सिद्ध होत नाही. तिचा गैरवापर २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे, परंतु छापखान्यात किंवा संगणकावर ती उमटवण्यापासून कायदा कोणाला प्रत्यक्ष अडवू शकत नाही.

तिन्ही सेवांमध्ये मला सर्वांत उपयुक्त वाटलेली सेवा आरएफएनची आहे. जीएसटी पोर्टलमधून निघालेल्या नोटिशीवर किंवा आदेशावर एक संदर्भ क्रमांक, म्हणजेच आरएफएन, असतो. पोर्टलच्या मुख्य पानावरील सेवांच्या यादीत जाऊन तो क्रमांक भरला की, असा दस्तऐवज खरोखर निघाला आहे काय, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कार्यालयातून, हे लॉगिन न करता समजते. पासवर्ड कर सल्लागारांकडे असलेल्या आणि स्वतः पोर्टल कधी न उघडलेल्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ‘लॉगिन न करता’ ही सोय फार महत्त्वाची आहे. दुकानातील मदतनीससुद्धा मोबाइलवर हे काम करू शकतो. जून २०२५ मध्ये सीबीआयसीने परिपत्रक काढून असे स्पष्ट केले की, पोर्टलवरून निघालेल्या आणि आरएफएन असलेल्या दस्तऐवजावर वेगळा डीआयएन असण्याची गरज नाही. एकाच कागदावर दोन क्रमांक पाहून पूर्वी जो संभ्रम होत असे, तो यामुळे कमी झाला.

दुसरी सेवा डीआयएनची. सीबीआयसीने तो ८ नोव्हेंबर २०१९ पासून लागू केला. केंद्रीय अधिकाऱ्याने पाठवलेल्या समन्सवर, झडतीच्या अधिकारपत्रावर, अटकेच्या आदेशावर आणि चौकशीच्या पत्रावर तो असणे अपेक्षित आहे, आणि मंडळाच्या संकेतस्थळावरील शोधपानावर तो भरून पाहता येतो. वीस अक्षरांच्या या क्रमांकाची सुरुवात वर्ष आणि महिन्याने होते, त्यामुळे संकेतस्थळ उघडण्यापूर्वीच एक साधी तपासणी करता येते. आमच्याकडे ई-मेलने आलेल्या एका समन्सवर जीएसटी कायद्यातील समन्सच्या कलम ७० चा उल्लेख होता, अधिकाऱ्याची सही होती आणि ‘प्रकरण आपसात मिटवण्यासाठी’ व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकही दिलेला होता. त्यावरील डीआयएनच्या सुरुवातीचा महिना पत्राच्या तारखेच्या बराच आधीचा निघाला, आणि शोधपानावर तो क्रमांक सापडलाच नाही. दुसऱ्या कोणत्या तरी खऱ्या पत्रावरील क्रमांक थोडा बदलून तो तयार केला असावा, असा माझा कयास आहे. अशी बनावट समन्स पाठवली जात असल्याचा इशारा खुद्द सीबीआयसीने २०२४ मध्ये जाहीरपणे दिला होता.

मात्र या सेवेची एक मर्यादा आपल्या भागातील छोट्या व्यापाऱ्याला नेमकी अडचणीत आणणारी आहे, आणि ती कोणी नीट समजावून सांगत नाही. सीबीआयसीचा डीआयएन केंद्राच्या अधिकाऱ्यांपुरता असतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांपैकी नव्वद टक्के राज्याकडे आणि दहा टक्के केंद्राकडे, तर त्यावरचे निम्मे निम्मे, अशी वाटणी जीएसटी परिषदेने २०१७ मध्येच ठरवली. म्हणजे मारुती रोडवरील किंवा कापड पेठेतील बहुतेक दुकाने राज्याच्या जीएसटी कार्यालयाकडे येतात, आणि त्या कार्यालयाचे खरे पत्रही सीबीआयसीच्या शोधपानावर सापडणार नाही. दुकानदार क्रमांक शोधतो, ‘नोंद नाही’ असे उत्तर वाचतो आणि खरे पत्र बनावट समजून बाजूला ठेवतो. आपला अधिकारी केंद्राचा की राज्याचा, हे ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये स्वतःचाच जीएसटी क्रमांक टाकून पाहता येते. केंद्राचा असेल, तर सांगलीसाठी पत्रावर कोल्हापूर आयुक्तालयाचे नाव असणे स्वाभाविक आहे. दूरच्या एखाद्या शहरातील कार्यालयाचे नाव दिसल्यास पत्र लगेच खोटे ठरत नाही, परंतु अधिक चौकशीचे कारण नक्की मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये प्रदीप गोयल यांच्या याचिकेवर निकाल देताना राज्यांनीही अशी क्रमांकपद्धत आणावी, यासाठी केंद्र सरकार आणि जीएसटी परिषदेने पावले उचलावीत, असे सांगितले होते. छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने राज्याच्या प्रत्येक पत्रावर, पोर्टलबाहेरून येणाऱ्या पत्रांसकट, असा तपासता येणारा क्रमांक असणे ही माझ्या मते सर्वांत निकडीची गोष्ट आहे.

डीआयएन नसलेल्या केंद्रीय पत्राबाबतही थोडी सावधगिरी बाळगावी लागते. नियमानुसार असे पत्र ग्राह्य नसते, तथापि तांत्रिक अडचण असेल किंवा अधिकारी कार्यालयाबाहेर असेल, तर कारण नोंदवून डीआयएनशिवाय पत्र देण्याची आणि पंधरा कामकाजाच्या दिवसांत ते नियमित करून घेण्याची मुभा आहे. त्यातच सप्टेंबर २०२५ पासून ई-ऑफिसमधून (सरकारी कार्यालयांच्या संगणकीय फाइल-पत्रव्यवहार यंत्रणेतून) जाणाऱ्या पत्रांसाठी वेगळा ‘इश्यू नंबर’ आणि तो तपासण्याचे वेगळे पान आले आहे. प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे पाहिली तर योग्यच आहे, पण हळदीच्या सौद्याला निघालेल्या माणसाने कोणता क्रमांक कोठे भरायचा, हे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. या पानांवरील सूचनाही इंग्रजीत आहेत. मराठीत दोन ओळी लिहिणे एवढ्या मोठ्या यंत्रणेला अवघड नाही, आणि त्या नसल्यामुळे ज्याला या सेवेची सर्वाधिक गरज आहे, तोच तिच्यापासून दूर राहतो.

पडताळणीचे पान नेहमी स्वतः टाइप करून उघडावे, हा मुद्दा मी सर्वांत आग्रहाने मांडतो. अलीकडच्या बनावट पत्रांवर क्यूआर कोड छापलेला असतो, आणि तो स्कॅन केल्यावर पडताळणीचेच दिसणारे पान उघडून ‘दस्तऐवज वैध आहे’ असे उत्तर देते. ते पान पत्र पाठवणाऱ्यानेच तयार केलेले असते. संकेतस्थळाचा पत्ता वाचताना मूळ नावाचा शेवट कशाने होतो, ते पाहावे. सुरुवातीचे ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेच्या आधी शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ असेल, तर ते सरकारी आहे. ‘गव्ह’ हा शब्द मध्ये कोठेतरी आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असेल, तर तिथे काहीही भरू नये. ई-मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्याला हाच नियम लावावा, आणि नाव न पाहता ‘@’ या चिन्हानंतरचा भाग पाहावा.

आयकर खात्याची सेवा थोडक्यात सांगता येईल, कारण ती नीट चालते. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकराच्या पत्रव्यवहारालाही डीआयएन आहे. ई-फायलिंग पोर्टलच्या मुख्य पानावरून लॉगिन न करता, डीआयएन आणि मोबाइल क्रमांक देऊन किंवा पॅन, कर आकारणी वर्ष व पत्राची तारीख असा तपशील देऊन नोटीस तपासता येते. ओटीपी मात्र लागतो. तो केवळ आपण स्वतः उघडलेल्या पानावर भरायचा असतो, फोनवरून मागणाऱ्याला कधीही द्यायचा नसतो.

बनावट पत्रांची भीती बसल्यावर काही व्यापारी प्रत्येक पत्र टोपलीत टाकू लागतात. त्यात फसवणुकीपेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोटीस हाती, टपालाने, ई-मेलने किंवा पोर्टलवर, कोणत्याही मार्गाने बजावता येते. नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी केवळ सात कामकाजाचे दिवस मिळतात, विवरणपत्र न भरल्याच्या नोटिशीला पंधरा दिवस, आणि विवरणपत्रातील तफावतीबाबतच्या नोटिशीला जास्तीत जास्त तीस दिवस. म्हणून आरएफएन तपासून झाल्यावर लॉगिन करून ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस’ या दोन्ही ठिकाणी पाहणे मी आवश्यक मानतो. नोटिसा दोन ठिकाणी विभागून ठेवण्याची ही रचना पोर्टलचा मोठा दोष आहे. दुसरे ठिकाण न पाहिल्यामुळे अनेक करदात्यांच्या उत्तराच्या मुदती निघून गेल्या आणि असे वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले.

कराच्या बाहेरची पत्रे या तीन सेवांच्या आवाक्यात येत नाहीत, आणि माझ्या पाहण्यात लहान व्यापाऱ्याचे पैसे जास्त तिथेच जातात. उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, उदाहरण घ्या. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर होते, तिला शुल्क नाही, आणि तिचे नूतनीकरण करावे लागत नाही. तरीही हरभट रोडवरील एका भडंग विक्रेत्याला ‘आपल्या उद्यम प्रमाणपत्राची मुदत संपत आहे’ असे तिरंगी पट्टीचे पत्र आले आणि त्यांनी शुल्क भरले. बदल्यात त्यांना जे प्रमाणपत्र मिळाले, ते त्यांच्याजवळ आधीच होते. सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून प्रमाणपत्र तपासण्याची सोय आहे आणि ती चांगली चालते, पण पैसे मागणारे पत्र तपासण्याची सोय तिथे नाही.

व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) बाबतीत धोका अधिक आहे. मसाल्याच्या पाकिटावरील नावासाठी अर्ज केला की तो तपासणीनंतर ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि अर्जदाराचे नाव व पत्ता सर्वांसाठी खुला होतो. त्यानंतर काही काळाने आमच्या पेढीकडे जाड कागदावर छापलेले, ‘नोंदवहीत प्रसिद्धी’ या नावाखाली शुल्क मागणारे बिल कुरिअरने आले. त्यावर आमचे चिन्ह रंगीत छापलेले होते आणि अर्ज क्रमांक बरोबर होता. जर्नलमधील प्रसिद्धीसाठी किंवा त्यानंतर प्रमाणपत्रासाठी वेगळे शुल्क नसते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाच्या वेळी प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये भरावे लागतात, त्यातच ते येते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्षाहून आधी करता येत नाही, त्यामुळे त्याहून आधी येणारे नूतनीकरणाचे बिल खात्याचे असू शकत नाही. व्यापारचिन्ह खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांकावरून स्थिती आणि पत्रव्यवहार पाहता येतो. एखादे पत्र तिथे दिसत नसेल, तर ते खात्याचे नाही, असे मी समजतो. ही सोय मूळची पडताळणीसाठी केलेली नसली तरी त्या कामासाठी चांगली उपयोगी पडते.

कोणत्याही पत्रातील पैशांच्या मागणीबाबत एक गोष्ट पक्की आहे. जीएसटीची रक्कम पोर्टलवर तयार झालेल्या चलनानेच भरली जाते. पत्रावर छापलेल्या यूपीआय आयडीवर किंवा एखाद्या व्यक्तीच्या बँक खात्यात ती मागितली असेल, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. पैसे गेलेले नसतील, आणि संशयास्पद फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आलेला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षु’ या सोयीत त्याची माहिती देता येते. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच वेळी फोन करावा, कारण समोरच्या खात्यातील रक्कम पुढे हलवली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, आपली बँक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी, आणि पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीटही जपून ठेवावे, कारण कुरिअरचा पावती क्रमांक आणि कोठून पाठवले, त्या गावाचे नाव त्या पाकिटावरच मिळते.