डीएलसीओएच्या पेपरसाठी लॉजिसिम इव्होल्युशन: सेकंड इयरवाल्यांनी वापराच

मुंबई युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सी स्कीममध्ये (२०१९चा अभ्यासक्रम) सेम थ्रीला डिजिटल लॉजिक आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर, म्हणजेच डीएलसीओए, एकाच पेपरात आहे, ८० मार्कांचा, सहातले चार प्रश्न सोडवायचे आणि पहिला कम्पल्सरी. मी ज्युनिअर्सना हा विषय शिकवते आणि दरवेळी तेच बघते, शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडून सॉल्व्ह्ड पेपर्स आणायचे, बूथ्सचा (बायनरीत अधिक-उणे आकडे गुणायच्या पद्धतीचा) टेबल पाठ करायचा, आणि पेपरात नंबर बदलून आले की सगळं ठप्प. म्हणून या सॉफ्टवेअरबद्दल जरा सविस्तर लिहितेय कारण पाठांतराची ही सवय मोडायला मला याच्याइतकं चांगलं दुसरं काही मिळालं नाही.

लॉजिसिम म्हणजे सर्किट स्क्रीनवर काढून चालवून बघायचं फुकट सॉफ्टवेअर. मूळचं कार्ल बर्च यांनी बनवलेलं, त्याचं काम २०१४ला थांबलं, आता जे जिवंत आहे ते इव्होल्युशन, ओपन सोर्स आहे, तेच घ्या. हलकं आहे, घरातल्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालतं.

पहिली गोष्ट आवडते ती वायरचे रंग. गडद हिरवी म्हणजे ०, चमकदार हिरवी म्हणजे १, निळी म्हणजे तिथे व्हॅल्यूच पोचत नाहीये, लाल म्हणजे दोन आउटपुट एकमेकांशी भांडतायत किंवा काहीतरी गडबड आहे, आणि नारिंगी म्हणजे ४ बिटची वायर ८ बिटच्या पिनला लावलीत. लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर एक वायर सैल असली तर शोधण्यात अख्खं प्रॅक्टिकल जातं, इथे चूक रंगावरूनच दिसते.

पण खरा फायदा बूथ्समध्ये. ७ गुणिले उणे ३ घ्या, म्हणजे एम (७) ०१११, क्यू (उणे ३) ११०१, बेरीज साठवणारा ए ०००० आणि क्यूच्या उजवीकडची जादा बिट, क्यू उणे एक, ०. क्यूची शेवटची बिट आणि क्यू उणे एक मिळून १० आल्या म्हणून ए मधून एम वजा, ए झाला १००१, मग शिफ्ट केल्यावर ए ११०० आणि क्यू १११०. इथेच मुलं चुकतात, डावीकडे ० भरतात आणि ए ०१०० करून पुढचं सगळं उत्तर बिघडवतात, कारण अरिथमॅटिक शिफ्टमध्ये साइन बिटचीच कॉपी होते हे वाचलेलं असतं पण झालेलं बघितलेलं नसतं. लॉजिसिममध्ये ए, क्यू आणि ती जादा बिट स्प्लिटरने (बिट जोडणारा किंवा वेगळ्या करणारा भाग) जोडून ९ बिटचा बस, म्हणजे एकत्र वायर, करा, शिफ्टरला अरिथमॅटिक राइट सेट करा आणि क्लॉक एकेक टिक देत रजिस्टरमधल्या व्हॅल्यू बघा, चार फेऱ्यांनी १११० १०११ येतं, म्हणजे उणे २१. मग त्याच शिफ्टरला लॉजिकल (डावीकडे ० भरणारं) करून बघा, कुठल्या फेरीत उत्तर फुटतं ते समोर दिसतं. एकदा हे बघितलं की पेपरात कुठलेही नंबर येऊ देत.

कॅश मॅपिंगलाही (मेन मेमरीतला ब्लॉक छोट्या, वेगवान कॅश मेमरीत कुठे बसतो ते ठरवणं) स्प्लिटर कामाला येतो, हे फारसं कोणी करत नाही पण करा. मेन मेमरी ६४ केबी, कॅश २ केबी, ब्लॉक १६ बाइटचा, तर १६ बिटचा ॲड्रेस. डायरेक्ट मॅपिंगला ऑफसेट ४, लाइन ७, टॅग ५. फोर वे सेट असोसिएटिव्ह (चार लाइनचा एक सेट) केलं की सेट ३२ म्हणजे ५ बिट आणि टॅग ७. स्प्लिटरला हे भाग द्या आणि ॲड्रेस बदलत राहा, कुठली बिट कुठे जाते ते कळलं की फॉर्म्युला पाठ करावाच लागत नाही. के मॅपच्या (लॉजिकचं समीकरण सोपं करायचा तक्ता) प्रश्नांना त्यातलं कॉम्बिनेशनल ॲनालिसिस वापरा, ट्रुथ टेबल भरलं की ते सर्किट स्वतः काढून देतं, आपलं उत्तर ताडून बघायला झकास.

काय नाही जमत तेही सांगते. आयईईई ७५४चं (दशांश आकडे बायनरीत लिहायची पद्धत) रूपांतर, फ्लिनचं (कॉम्प्युटरच्या प्रकारांचं) क्लासिफिकेशन, हार्डवायर्ड आणि मायक्रोप्रोग्राम्ड कंट्रोलमधला फरक, पाइपलाइन हझार्ड, हे सगळं वहीतच करायला लागतं आणि यावर मार्क भरपूर असतात. रिस्टोरिंग डिव्हिजनचं सर्किट बनवता येतं पण कंट्रोलचा भाग जरा किचकट होतो, परीक्षा जवळ आली असेल तर त्यात शिरू नका, टेबलच दोनदा हाताने लिहा. मोबाइलवर नाही चालत, त्यामुळे कल्याण फास्टमध्ये बसून करायचा हा प्रकार नाही, ट्रेनमध्ये थिअरीच वाचा. आणि सुरुवातीला टूलबार बघून गोंधळायला होतं, कोणी शेजारी बसून दाखवलं तर लवकर जमतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो मराठीत धड मार्गदर्शन मिळत नाही म्हणून, मुलं हेल्प फाइल उघडून इंग्रजी बघून बंद करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. सुरुवात हाफ ॲडरपासून (दोन बिटांची बेरीज करणारं सर्किट) करा, त्याचं सबसर्किट करून फुल ॲडर, मग ४ बिटचा ॲडर सबट्रॅक्टर, आणि तो चालला की मगच बूथ्सला हात घाला.